कोडसाठी फॉन्ट निवडताना: आधी आकार, मग नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दिवसभर एडिटर उघडा असतो. गेल्या काही महिन्यांत बरेच मोनोस्पेस फॉन्ट टाकून पाहिले. नवा फॉन्ट चार दिवस छान वाटतो, मग काहीतरी खटकायला लागतं आणि पुन्हा शोध सुरू. नेमका कोणता घ्यावा? लिगेचरवाला घ्यावा का? आणि पैसे देऊन मिळणारे फॉन्ट खरंच वेगळे असतात का?"

नुसतं नावच हवं असेल तर जेटब्रेन्स मोनो घ्या, १५ पिक्सेलवर लावा, लिगेचर (दोन-तीन चिन्हं जोडून एकच दाखवायची सोय) बंद करा आणि कामाला लागा. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून अडचण नावाची वाटत नाही. चार दिवसांनी जे खटकतं ते बहुधा अक्षरांचा आकार, दोन ओळींमधलं अंतर किंवा तुमच्या स्क्रीनवर त्या फॉन्टच्या कडा कशा उमटतात, यांपैकी काहीतरी असतं. फॉन्ट बदलला की ही तिन्ही एकदम बदलतात, त्यामुळे दोष कुणाचा ते कधीच कळत नाही. म्हणून नावांकडे शेवटी येऊ.

सुरुवात रुंदीपासून. मोनोस्पेसमध्ये प्रत्येक अक्षराला सारखी जागा मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. ती जागा किती, हे मात्र फॉन्टागणिक वेगळं असतं आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. रुंदी मोजतात ती फॉन्टच्या आकाराच्या प्रमाणात. कुरिअरचं प्रमाण ०.६ आहे, जेटब्रेन्स मोनो, सोर्स कोड प्रो, आयबीएम प्लेक्स मोनो हेही तिथेच आहेत. डेजाव्हू सान्स मोनो आणि मॅकवरचा मेन्लो त्याच्या केसभर पुढे. कन्सोलास ०.५५. उबुंटू मोनो, इन्कन्सोलाटा आणि आयोसेव्का थेट ०.५.

आता हिशेब करू. स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद आहे, डावीकडे फाइलींच्या यादीने ३०० पिक्सेल घेतलेत आणि उरलेल्या जागेत दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्यात. प्रत्येकीच्या वाट्याला ८१० पिक्सेल आले. त्यातले ६० ओळक्रमांकांत गेले असं धरा, उरले ७५०. १४ पिक्सेलला ०.६ वाला फॉन्ट एका अक्षरामागे ८.४ पिक्सेल खातो, म्हणजे ओळीत ८९ अक्षरं मावतात. ०.५ वाला असेल तर १०७. डोळ्यांना बरं म्हणून आकार १६ केला, की ०.६ वाल्यात उरतात ७८, कन्सोलासमध्ये ८५ आणि आयोसेव्कात ९३. पायथॉनच्या पेप ८ या कोडलेखनाच्या नियमावलीत ओळीची मर्यादा आहे ७९ अक्षरं. म्हणजे जेटब्रेन्स मोनो १६ वर लावून दोन फाइली शेजारी ठेवल्या की नियमात बसणारी ओळसुद्धा एका अक्षराने बाहेर जाते. मग माणूस आकार कमी करतो, दिवसभर डोळे ताणतो आणि संध्याकाळी म्हणतो की फॉन्ट खटकतोय.

(८० रकान्यांची ही सवय फार जुनी आहे. आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचं पंचकार्ड आणलं, पुढे टर्मिनलच्या स्क्रीनही ८० अक्षरांच्याच झाल्या. आज कुणी कार्डं भोकत नाही, पण डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, शेजारी शेजारी बघायचा असला की ही मर्यादा अजूनही सोयीची पडते.)

मग सरसकट अरुंद फॉन्टच का घेऊ नये? कारण आकाराच्या आकड्यावर विसंबून तुलना केली की फसगत होते. १४ पिक्सेलचा कन्सोलास आणि १४ पिक्सेलचा डेजाव्हू शेजारी ठेवून बघा, कन्सोलास लहान दिसेल. स्मॉल अक्षरांची उंची, जिला एक्स-हाइट म्हणतात, ती डेजाव्हूत जास्त आहे. दोन्ही सारखे दिसावेत म्हणून कन्सोलास साधारण दीड पिक्सेलने वाढवलात की रुंदीत वाचवलेलं सगळं परत जातं. आयोसेव्का, उबुंटू मोनो यांची बचत खरी आहे, पण तिची किंमत अक्षरं देतात. ती उभट होतात आणि एकमेकांना खेटतात. लांबच लांब नावं असलेल्या जावा कोडसाठी मी ती किंमत देतो. दिवसभर लॉग वाचायचे असतील तर देत नाही.

आता ते ८.४ पिक्सेल. स्क्रीनवर ०.४ पिक्सेल नावाची गोष्ट नसते. साध्या, म्हणजे १०० टक्के स्केलिंगच्या मॉनिटरवर प्रोग्रामपुढे दोनच वाटा असतात. एकतर रुंदी ८ किंवा ९ वर आणायची, म्हणजे अक्षरांमधलं अंतर डिझायनरने ठरवलेलं राहत नाही. नाहीतर अक्षर पिक्सेलच्या मध्येच ठेवायचं, म्हणजे एकाच ओळीतला एक टी कडक दिसतो आणि पुढचा जरा पुसट. ही पुसट-कडक लय एकदा दिसायला लागली की दिसतच राहते. उपाय साधा आहे: रुंदी पूर्णांकात येईल असा आकार घ्या. ०.६ वाल्यांसाठी १५ पिक्सेल, म्हणजे अक्षराला नेमके ९. वर दिलेला १५ चा आकडा तिथून आलाय. ०.५ वाल्यांना कुठलाही सम आकडा चालतो. लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असेल तर १५ चे खरे पिक्सेल १८.७५ होतात आणि गणित बिघडतं. तिथे १६ घ्या, त्याचे नेमके २० होतात आणि अक्षराला १२ मिळतात. स्केलिंग २०० टक्के असलेल्या दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर हा सगळा खटाटोप सोडून द्या, तिथे डोळ्यांना फरक जाणवत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमचाही यात हात असतो. कन्सोलास लुकास द ग्रोट यांनी मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरटाइप तंत्रासाठी मुद्दाम आखला आणि तो विंडोज व्हिस्टाबरोबर आला. विंडोजवर साध्या मॉनिटरवर तो आजही इतका स्वच्छ दिसतो की नवे देखणे फॉन्ट त्याच्यापुढे धुरकट वाटतात. तोच मॅकवर नेला की जीव गेल्यासारखा दिसतो. मॅक फॉन्टमधल्या हिंटिंगच्या, म्हणजे अक्षर पिक्सेलवर नीट बसवण्याच्या, सूचना पाळतच नाही, आणि २०१८ च्या मोहावीपासून सबपिक्सेल स्मूदिंगही (कडा गुळगुळीत दाखवण्याची युक्ती) मूळ सेटिंगमधून गेलं. मॅकबुकला साधा बाहेरचा मॉनिटर जोडून 'सगळे फॉन्ट बारीक आणि पुसट दिसतात' म्हणणाऱ्यांनी फॉन्टला दोष देऊ नये. तिथे रेग्युलरऐवजी मीडियम वजन, म्हणजे जरा जाड अक्षर, लावून बघा. उलट गडद थीमवर फिकट अक्षरं मुळातच जाड भासतात, तेव्हा पांढऱ्या थीमसाठी निवडलेलं वजन गडद थीमला एक पायरी कमी करावं लागतं. दिवसा पांढरी आणि रात्री काळी थीम वापरणाऱ्यांना एकच फॉन्ट कधी आवडतो आणि कधी नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

ओळींमधलं अंतर मी फॉन्टच्या आकाराच्या १.४ ते १.५ पट ठेवतो. एक्स-हाइट जास्त असलेल्या फॉन्टला जास्त, कमी असलेल्याला कमी. फॉन्ट बदलून झाला, आकार बदलून झाला आणि तरीही पान दाटीचं वाटतंय, तर आधी हे वाढवून बघा.

आता अक्षरांच्या ओळखीकडे. कोडसाठीचा फॉन्ट आणि नुसता सारख्या रुंदीचा फॉन्ट यांत खरा फरक इथे पडतो. गोष्टीच्या पुस्तकात एखादं अक्षर नीट दिसलं नाही तरी शब्दावरून कळतं. कोडमध्ये टोकन, हॅश, पासवर्ड आणि एका अक्षराचे व्हेरिएबल असतात. अंदाजाला आधारच नसतो. शून्य, कॅपिटल ओ आणि स्मॉल ओ हा पहिला गट. एकचा आकडा, स्मॉल एल, कॅपिटल आय आणि उभी रेघ हा दुसरा. बिटकॉइनच्या पत्त्यांसाठी जी बेस ५८ लिपी वापरतात तिच्यातून शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल ही चार चिन्हं याच कारणासाठी काढून टाकली आहेत. पेप ८ सुद्धा स्मॉल एल, कॅपिटल ओ आणि कॅपिटल आय ही एकाक्षरी नावं व्हेरिएबलना देऊ नका असं सांगतो. जुन्या कित्येक टाइपरायटरांवर तर एकच्या आकड्याला स्वतंत्र कळच नव्हती, स्मॉल एल दाबूनच काम चालायचं. टाइपरायटरच्या वळणाचा कुरिअर न्यू आजही या दोघांत फार थोडा फरक ठेवतो. त्याच्या शून्याच्या पोटातही काही नसतं. पत्रासाठी हे चालेल, कोडसाठी नाही.

जवळून एक उदाहरण बघा. जावा किंवा सी मध्ये लाँग प्रकारची संख्या लिहायची तर शेवटी एल जोडतात, आणि तो स्मॉल असला तरी कंपायलरला चालतो. दहाच्या मागे स्मॉल एल लिहिला तर कमकुवत फॉन्टमध्ये ती संख्या एकशे एक दिसते. कंपायलर तक्रार करत नाही, टेस्ट कदाचित पास होतात, आणि रिव्ह्यू करणारा डोळ्यांनी १०१ वाचून पुढे जातो. म्हणून तिथे कायम कॅपिटल एल लिहावा असा शिष्टाचार आहे. तो शिष्टाचार न पाळलेला कोड वाचायची वेळ येते तेव्हा फॉन्ट उपयोगी पडतो. चांगल्या फॉन्टमध्ये स्मॉल एलच्या पायाला उजवीकडे वळलेली शेपटी असते, एकला डोक्यावर झेंडा आणि खाली सपाट बैठक असते, कॅपिटल आयला वर-खाली दोन आडव्या पट्ट्या असतात आणि उभी रेघ या सगळ्यांपेक्षा उंच, ओळीच्याही खाली उतरलेली असते.

शून्याच्या तीन तऱ्हा दिसतील: पोटात तिरपी रेघ, पोटात ठिपका, नाहीतर उभा लांबट ठिपका. कन्सोलास आणि मेन्लो रेघवाले. सोर्स कोड प्रो आणि आयबीएम प्लेक्स मोनो ठिपकेवाले. जेटब्रेन्स मोनोचा ठिपका लांबट. रेघ चटकन ओळखू येते, पण आकार १२ च्या खाली गेला की रेघवालं शून्य आठसारखं दिसायला लागतं. लहान आकारात काम करणाऱ्याने ठिपका घ्यावा. अनेक फॉन्टांत हे बदलताही येतं: ओपनटाइप या फॉन्टच्या फाइलप्रकारात 'झीरो' नावाचं फीचर असतं, ते चालू केलं की ठिपक्याच्या जागी रेघ येते. आवडलेला फॉन्ट एका अक्षरापायी सोडण्याआधी त्याच्यात पर्यायी अक्षरं आहेत का ते बघत जा. आयोसेव्कात तर जवळजवळ प्रत्येक अक्षराचे पर्याय आहेत आणि हवे ते निवडून स्वतःचा फॉन्ट बांधून घेता येतो. हा नाद मात्र वाईट. एकदा लागला की कोड बाजूलाच राहतो.

अक्षरांइतकीच, किंबहुना जास्त, विरामचिन्हं बघा. फॉन्टच्या जाहिरातीत अक्षरं मोठी करून दाखवतात, आपण मात्र दिवसभर कंस, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं वाचत असतो. साधा कंस ( आणि महिरपी कंस { लहान आकारात वेगळे दिसतात का? महिरपीचं मधलं टोक ठळक हवं. पूर्णविराम आणि स्वल्पविराम, : आणि ; यांच्यात फरक करायला स्वल्पविरामाची शेपटी पुरेशी लांब हवी, ठिपके दणकट हवेत. ~ आणि - यांत ~ ची लाट दिसायला हवी. बारीक फॉन्टांत ती सपाट होऊन जाते. * मधोमध आहे की वर चढलेली आहे? गुणाकारासाठी ती मधोमध असली की बरं दिसतं. बॅकटिक आणि सरळ एकेरी अवतरणचिन्ह यांचा घोळ शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, महागात पडतो. त्याहून तापदायक म्हणजे वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं. कुणीतरी सूचनांच्या फाइलमध्ये कमांड लिहिते, वर्ड प्रोसेसर सरळ " ला परस्पर वाकवतो, तुम्ही ती कमांड टर्मिनलमध्ये डकवता आणि शेल भलतंच काहीतरी म्हणतो. वळणदार आणि सरळ चिन्हं ज्यात लांबूनही वेगळी दिसतात तो फॉन्ट अशा वेळी बराच त्रास वाचवतो.

फॉन्टच्या हातात नसलेल्या गोष्टीही आहेत. सिरिलिक लिपीतला 'आ' उच्चाराचा अक्षरठसा आणि लॅटिन ए बहुतेक फॉन्टांत हुबेहूब सारखे असतात. ग्रीक प्रश्नचिन्ह हे ; सारखंच दिसतं. न तुटणारी स्पेस दिसायला साधीच असते. कोडमध्ये डोळ्यांना न दिसणारा घातपात कसा लपवता येतो हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ट्रोजन सोर्स नावाने दाखवलं, त्यातला एक भाग अशा जुळ्या अक्षरांचाच होता. याचा बंदोबस्त एडिटरने करायचा असतो. व्हीएस कोड संशयास्पद युनिकोड अक्षरांभोवती चौकट काढतो, ती सेटिंग बंद करू नका.

डिझायनरचा हात कसा आहे हे बघायचं असेल तर मी एम आणि डब्ल्यू बघतो. एम आणि आय या दोघांना एकाच मापाचा शर्ट घालायचा आहे. आयला तो ढगळ होतो, एमची शिवण उसवते. कच्च्या फॉन्टमध्ये एम काळा ठिपका होऊन बसतो आणि ओळीत जिथे तिथे टोचतो. चांगला डिझायनर मधला पाय आखूड करतो किंवा दांड्या बारीक करतो, आणि आयला पट्ट्या लावून जागा भरून काढतो. गिटहबने २०२३ मध्ये काढलेल्या मोनास्पेस कुटुंबात याहून गमतीदार युक्ती आहे: एमच्या शेजारी आय आला तर एम त्याच्या रिकाम्या जागेत थोडा सरकतो, पण रकाने मात्र हलत नाहीत. छान दिसतं. एडिटरमध्ये त्यासाठीचं ओपनटाइप फीचर चालू असावं लागतं, एवढंच.

बोल्ड आणि इटॅलिक आहेत का तेही तपासा. अनेक थीम कॉमेंट इटॅलिकमध्ये दाखवतात. फॉन्टकडे इटॅलिकच नसेल तर एडिटर सरळ अक्षर नुसतं तिरकं ढकलतो आणि ते वाकड्या पाटीसारखं दिसतं. फिरा कोड लोकप्रिय आहे, पण त्याला इटॅलिक नाही, इन्कन्सोलाटालाही नाही.

लिगेचरचा प्रश्न तुम्ही वेगळा विचारलात. लिगेचर म्हणजे चिन्हांची जोडाक्षरं: फाइलमध्ये != ही दोन चिन्हंच असतात, पण फॉन्ट ती मिळून एक ≠ दाखवतो. -> चा सलग बाण होतो. फाइल बदलत नाही, कंपायलरला काही कळत नाही, दोन चिन्हांची जागाही दोनच राहते. फिरा कोडने ही फॅशन पसरवली, मग कॅस्काडिया कोड, जेटब्रेन्स मोनो हेही आले. एकटा लिहिणारा, रोज तीच भाषा, बाणांची रेलचेल असलेला हॅस्केलसारखा कोड, अशा वेळी लिगेचर खरंच सुखावतात. माझं मत तरीही बंद ठेवावेत असंच आहे. कारण फॉन्टला भाषेचं व्याकरण कळत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर शोधायच्या साच्यात) किंवा स्ट्रिंगमध्ये योगायोगाने दोन चिन्हं शेजारी आली तरी तो त्यांना जोडतो, आणि अर्थ नसलेल्या ठिकाणी अर्थाचा भास होतो. शिवाय ≠ हे स्वतंत्र युनिकोड चिन्ह आहेच. फाइलमध्ये खरंच ते एक चिन्ह पडलंय की दोन चिन्हं जोडून दिसताहेत, हे बघून सांगता येत नाही. जावास्क्रिप्टमधले == आणि === हे जोडाक्षरात लांब दोन रेघा आणि तीन रेघा होतात; चूक शोधताना मला चिन्हं मोजता यायला हवी असतात, रेघा नव्हे. स्क्रीन शेअर करून नवख्याला शिकवत असाल तर तो हमखास विचारतो, "हे कीबोर्डवर कुठे आहे?"

मधली वाट आहे. व्हीएस कोडमध्ये भाषेनुसार लिगेचर चालू-बंद करता येतात. किटी टर्मिनलमध्ये कर्सर ज्या जागी असेल तिथेच जोडाक्षर सुटं करायची सोय आहे, ती मला सगळ्यांत पटते. अलाक्रिटी लिगेचर दाखवतच नाही, प्रश्न मिटला. आणि फॉन्ट आवडला पण जोडाक्षरं नकोत तर कॅस्काडिया मोनो आणि जेटब्रेन्स मोनो एनएल या बिनजोडाक्षरी आवृत्त्या तयार मिळतात.

टर्मिनलसाठी थोडक्यात. प्रॉम्प्टमध्ये फोल्डर, गिट वगैरेंची चिन्हं हवी असतील तर नर्ड फॉन्ट्सची, म्हणजे अशी चिन्हं घातलेली, आवृत्ती लागते. तिच्यात नावाच्या शेवटी मोनो असलेली घेतलीत तर चिन्हं एका रकान्यात बसतात, पण बारकी दिसतात. नुसती नर्ड फॉन्ट घेतलीत तर चिन्हं मोठी, पण शेजारच्या रकान्यात घुसू शकतात. टर्मिनलमध्ये ओळींचं अंतर फार वाढवू नका, चौकटींच्या उभ्या रेघा तुटतात.

कोडमध्ये देवनागरी येत असेल, म्हणजे भाषांतराच्या फाइली, टेस्टमधला मजकूर, कॉमेंट, तर एक वेगळीच अडचण आहे. वर घेतलेल्या नावांपैकी बहुतेकांत देवनागरी नाहीच. सिस्टिम दुसरा कुठला तरी फॉन्ट परस्पर उचलते आणि तो बऱ्याचदा आकाराने विजोड असतो. त्यापेक्षा एडिटरच्या यादीत दुसऱ्या नंबरवर आपणच नाव लिहावं: विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर नोटो सान्स देवनागरी. ओळींचं अंतर १.५ च्या खाली नेलंत तर वरचे रफार आणि खालचे उकार कापले जाऊ शकतात. एडिटरमध्ये एवढ्याने भागतं. रकाने जुळणार नाहीत, ते सोडून द्यायचं.

टर्मिनलमध्ये मात्र भागत नाही. 'क्षत्रिय' हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये ती आठ आहेत: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य. टर्मिनल प्रत्येकाला रकाना देत जातं. दोन्ही हलन्त शून्य रुंदीचे धरले तर सहा रकाने होतात. वेलांटीला काही प्रोग्राम एक रकाना देतात, काही देत नाहीत, म्हणजे कुठे सहा तर कुठे पाच. शेल एक मोजतं, टर्मिनल दुसरं, आणि बॅकस्पेस दाबला की कर्सर भलतीकडेच दिसतो. जगातला कुठलाही मोनोस्पेस फॉन्ट हे दुरुस्त करू शकत नाही. देवनागरी मजकूर तपासायचा असेल तर सरळ ग्राफिकल एडिटरमध्ये उघडा.

आता नावं. विंडोज आणि साधा मॉनिटर: कन्सोलास, नाहीतर कॅस्काडिया मोनो. मॅकवर मेन्लो किंवा एसएफ मोनो, दोन्ही चांगले. लिनक्सवर डेजाव्हू सान्स मोनोला जुना म्हणून हिणवू नका. त्याचाच सुधारलेला भाऊ म्हणजे हॅक. शांत, थोडा मोकळा फॉन्ट हवा तर सोर्स कोड प्रो. जागा कमी असेल तर आयोसेव्का. नजर कमजोर असेल तर इंटेल वन मोनो आधी बघा. तो कमी दिसणाऱ्या प्रोग्रामरांना बरोबर घेऊन आखलेला आहे. ब्रेल इन्स्टिट्यूटच्या ॲटकिन्सन हायपरलेजिबलचीही आता मोनो आवृत्ती आहे. अक्षरांना पाय असलेले फॉन्ट आवडत असतील तर गो मोनो. तो थोडा जाडाभरडा वाटेल, पण शून्य, ओ, एल, एक यांत तो कधीच गोंधळवत नाही.

यातले दोनच निवडा. तुमच्या आत्ताच्या फॉन्टची एक्स-हाइट आणि नव्याची सारखी दिसेल असा आकार लावा, ओळींचं अंतर आणि थीम तीच ठेवा, आणि स्वतःचीच एखादी लांब, कंसांनी भरलेली, जरा गचाळ फाइल उघडा. जाहिरातीतला नमुना कोड बघून काही ठरत नाही, त्यात गचाळपणा नसतो. निर्णय सकाळी घेऊ नका. संध्याकाळी, डोळे दमलेले असताना, डिफ वाचून घ्या. पहिल्या दिवशी जो फॉन्ट लक्ष वेधून घेतो तो माझ्याकडे सहसा टिकत नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. प्राग्माटाप्रो, ऑपरेटर मोनो, मोनोलिसा, बर्कली मोनो हे विकतचे फॉन्ट काळजीने केलेले आहेत. प्राग्माटाप्रोचा अरुंदपणा आणि ऑपरेटरचं हस्ताक्षरासारखं इटॅलिक यांना चाहते आहेत. पण वाचायला सोपं जाण्याच्या बाबतीत फुकटच्या चांगल्या फॉन्टांपेक्षा ते पुढे आहेत असं मला कधी वाटलं नाही. पैसे आवडीचे आहेत, आणि आवडीसाठी दिले तर त्यात काही वावगं नाही. परवाना मात्र वाचा. सोर्स कोड प्रो, जेटब्रेन्स मोनो, आयबीएम प्लेक्स वगैरे एसआयएलच्या मुक्त फॉन्ट परवान्याखाली आहेत: कितीही मशीनवर टाका, वेबसाइटवर वापरा, बदल करा, फक्त नुसता फॉन्टच विकायला काढू नका. कन्सोलासची फाइल विंडोजमधून उचलून लिनक्सवर नेणं सर्रास चालतं, पण परवान्यात ते बसत नाही; एसएफ मोनोही ॲपलने आपल्या प्लॅटफॉर्मपुरताच ठेवला आहे. विकतच्या फॉन्टचा परवाना बहुधा माणशी असतो, तेव्हा फाइल टीमच्या रेपॉझिटरीत टाकायची नाही. आणि प्रोजेक्टच्या सामायिक सेटिंग फाइलमध्ये फॉन्टचं नावच लिहू नका. ज्याच्या मशीनवर तो नाही त्याला एडिटर काही न बोलता यादीतला पुढचा फॉन्ट लावून देतो, यादीत पुढे काही नसेल तर जे हाताला लागेल ते. फॉन्टची निवड ज्याने त्याने आपल्या वैयक्तिक सेटिंगमध्ये ठेवावी, आणि यादीच्या शेवटी नुसतं 'मोनोस्पेस' लिहून ठेवावं.